फळ कधी येणार म्हणून घाई करणाऱ्या नव्या भावाला

अरे भावा, आत्ता कुठे बाप्तिस्मा झालाय आणि तू फळं, म्हणजे विश्वासानं स्वभावात होणारे बदल, मोजायला बसलास पण? बायबलातल्या योहान 15 मध्ये येशू आधी "माझ्यामध्ये राहा" म्हणतो, फळ त्यातनंच येतं. हापूसचं कलम बांधल्यावर जोड धरला की नाही म्हणून रोज पट्टी सोडून बघतं का कोणी, काडी सुकेल ना!

राहायचं म्हणजे काय, तर सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी तोच अध्याय उघड, 27 वचनं आहेत, एका दमात संपवू नको, दोन-तीन घे, त्यावरच प्रार्थना कर आणि तेच डोक्यात ठेवून जेटीवर जा. लिलावात कोणी भाव पाडला आणि तोंडात आलेली शिवी तू गिळलीस ना, तेच फळ. बायबलातलंच गलतीकरांस पत्र 5:22-23 बघ, सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन असलंच लिहिलंय, माईक घेऊन जोरदार साक्ष देणं, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, त्या यादीत नाहीये (हे काहींना झोंबतं, असो).

योहान 15 मधलं 2 रं वचन पण वगळू नको, फळ देणाऱ्या फांदीचीही छाटणी होतेच, म्हणून धंद्यात खोट आली की लगेच देव रागावला असं धरून बसू नकोस. आणि पावसात बोटी बंद असताना तरी रविवारची उपासना चुकवू नको, तेव्हा कसली रे कामं असतात तुला?