पुढे निघाली तरी पॉइंट का नाही?

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे, इथेच नाशिकला स्केटिंग शिकते. सध्या ती नि तिच्या मैत्रिणी मोबाइलवर रोलर डर्बीच्या मॅचेस बघत बसतात आणि मलाही बसवतात. हेल्मेटवर स्टार असलेली मुलगी सगळ्यांना कापून पुढे निघते तरी स्कोअर हलत नाही, आणि नंतर चांगली पळत असताना स्वतःच कमरेवर हात आपटते आणि खेळ थांबतो. पॉइंट नक्की कशाचे मिळतात?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर: ताई, आपल्याकडे स्केटिंग म्हणजे रेस, आधी पोचेल तो जिंकला, म्हणून हे अडतं. डर्बीत नुसतं आधी पोचण्याला पॉइंट नाही, समोरच्या टीमच्या ब्लॉकरला, म्हणजे वाट अडवणाऱ्या खेळाडूला, नियमात राहून मागे टाकण्याला आहे. ट्रॅकवर प्रत्येक टीमच्या 5 जणी, एक स्टारवाली जॅमर, म्हणजे पॉइंट घेणारी, आणि 4 ब्लॉकर. दोन्हीकडच्या ब्लॉकर मिळून पॅक, जॅमर त्याच्या मागून सुटतात. पहिल्यांदा पॅक पार केला की पॉइंट शून्य, त्यातून फक्त लीड जॅमर कोण हे ठरतं, जी आधी आणि स्वच्छ बाहेर पडली ती. मग ती गोल फिरून परत पॅकच्या मागे येते आणि खरी कमाई इथून, समोरची एक ब्लॉकर मागे टाकली की 1 पॉइंट, म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त 4. पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे फाउल केल्यावर जिथे बसवतात तिथे, बसलेल्या ब्लॉकरचाही पॉइंट मिळतो, बसली म्हणून सुटली असं नाही. 2019 च्या आधीच्या व्हिडिओत 5 दिसले तर गोंधळू नका, तेव्हा समोरच्या जॅमरला एक पूर्ण फेरी मागे टाकलं तरी पॉइंट असायचा.

मागे टाकलं हे कमरेवरून बघतात, नुसता पाय पुढे गेला तर चालत नाही. पडलेली असताना किंवा लाइनच्या बाहेरून पुढे गेली तरी पॉइंट नाही. आणि बाहेर ढकललं असेल तर जिनं ढकललं तिच्या मागूनच आत यावं लागतं, म्हणून ती ब्लॉकर मुद्दाम उलटी मागे मागे सरकत जाते आणि बिचाऱ्या जॅमरला तेवढं सगळं अंतर मागे जावं लागतं! मला स्वतःला ही चाल फार आवडते, मुलींना मुद्दाम दाखवा.

आता कमरेवरचे हात. एक जॅम, म्हणजे खेळाचा एक डाव, जास्तीत जास्त 2 मिनिटांचा, पण लीड जॅमर तो कधीही संपवू शकते आणि ही खूण त्याचीच. कबड्डीत रेडर गडी मारून मध्यरेषेकडे परत पळतो ना, अगदी तसंच, आपले 4 घेतले आणि समोरची जॅमर मागून पॅकला भिडायला आली की तिला काही मिळायच्या आत जॅम बंद. थांबवलं म्हणजे दमली असं समजू नका, मला तर वाटतं ताकदीपेक्षा इथेच खेळाडूची अक्कल दिसते. पण लीडच पेनल्टी बॉक्समध्ये गेली तर तिचा हा हक्क जातो आणि दुसरीला तो मिळतही नाही, मग जॅम सहसा पूर्ण 2 मिनिटं चालतो आणि स्कोअर धडाधड पळतो.

पॉइंट मोजायचे तर जॅमरकडे बघू नका, तिच्यासोबत फिरणाऱ्या रेफरीकडे बघा. प्रत्येक जॅमरला वेगळा रेफरी असतो आणि फेरी संपली की तो बोटं वर करून किती मिळाले ते दाखवतो.

प्रश्न: 30-30 मिनिटांचे दोन पिरियड संपले आणि स्कोअर सारखाच राहिला तर?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: ओव्हरटाइम जॅम होतो. त्यात लीड कुणीच नसते म्हणून कमरेवर हात मारून सुटका नाही, पूर्ण 2 मिनिटं खेळायचं, आणि इथे मात्र पहिल्या फेरीपासूनच पॉइंट मोजतात.