केमो चालू असलेल्या मुलांमधली सायनसची बुरशी: तुमचे प्रश्न

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा, ल्युकेमिया आहे. केमोनंतर काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) पडलेत, ताप हटत नाहीये, डावा गाल दुखतोय म्हणतो. सीटीत "अस्तर सुजलंय, हाडं नॉर्मल" असं आलंय. म्हणजे बुरशी नाही ना?

उत्तर: ताई, हाडं शाबूत आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. म्यूकर आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशी रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात, त्यामुळे हाड जागेवर असतानाच त्या डोळ्याकडे किंवा गालाच्या मागे पोचलेल्या असू शकतात, हाड खाल्लेलं दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. अस्तर काय, साध्या सर्दीतही सुजतं. स्कॅन वाचणारी रेडिओलॉजिस्ट म्हणून मी आधी बघते ती मॅक्सिलरी सायनसच्या (गालातल्या पोकळीच्या) मागची चरबी, सीटीत ती स्वच्छ काळी दिसायला हवी आणि एकाच बाजूला तिथे धुरकट रेषा असतील तर मी डॉक्टरांना लगेच फोन करते, रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही. पण चरबी स्वच्छ असली तरी तुमच्या मुलाचं नाक आजच ईएनटीकडून दुर्बिणीने बघून घ्या. संशयास्पद भाग दिसला तर बायोप्सी लागेल, नक्की निदान तिनेच होतं.

प्रश्न: एमआरआय सांगितलाय, पण मुलगी तीन वर्षांची, भूल द्यावी लागणार. एक्सरेवर नाही भागणार?

उत्तर: नाही हो. एक्सरेत यातलं काहीच धड कळत नाही, त्यात या वयात कपाळातले सायनस तयारच झालेले नसतात. भुलीची भीती मला कळते, तरी डॉक्टरांना संशय असेल तर एमआरआय कराच आणि शक्यतो कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) देऊन. नाकातलं निरोगी टर्बिनेट (नाकाच्या आतला मांसल उंचवटा) कॉन्ट्रास्टनंतर पांढरं उजळतं, रक्तपुरवठा तुटलेला भाग काळाच राहतो. डोळ्यामागे, मेंदूकडे काही सरकलंय का हेही त्यातच नीट दिसतं. अ‍ॅम्फोटेरिसिन (किडनीला त्रास देऊ शकणारं बुरशीवरचं औषध) चालू असेल तर ताजं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) सोबत न्या.

प्रश्न: गॅलॅक्टोमॅनन ही बुरशीची टेस्ट निगेटिव्ह आली, मग स्कॅन कशाला?

उत्तर: ती टेस्ट मुख्यतः अ‍ॅस्परजिलससाठी, म्यूकर तिच्यात पकडलाच जात नाही.

प्रश्न: केमोनंतर मुलाचे न्यूट्रोफिल 500 च्या खाली आहेत, पण नाकातून पू नाही, काळं काही नाही. 2021 मध्ये काळ्या बुरशीची एवढी लक्षणं सांगत होते.

उत्तर: तेव्हाचे बहुतेक पेशंट मोठे होते, डायबेटिस आणि स्टेरॉइडवाले. तुमच्या मुलाचे न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली आहेत आणि पू बनतो तो त्याच पेशींचा, तो येणार कुठून? काळा डाग पण उशिरा दिसतो. न उतरणारा ताप, एका बाजूचा गाल किंवा पापणी सुजणं, टाळूवर फिकट पडलेला भाग, एवढ्यावरच धावा, आणि स्कॅनच्या फॉर्मवर "ताप" एवढंच लिहिलेलं असेल तर केमो आणि काउंट दोन्ही लिहून घ्या, कारण आम्हाला ते माहीत नसेल तर तीच सूज आम्ही सर्दी समजून सोडून देऊ शकतो.