सर्बियात स्विन्योकोलला, म्हणजे हिवाळ्यासाठी डुक्कर कापायच्या दिवसाला, पहिल्यांदा जातोयस ना? मग हे वाच

शेजाऱ्यांनी बोलावलंय म्हणजे तुला आपलं मानतात, बिनधास्त जा. नोव्हेंबर संपता संपता थंडी पडली की गावोगावी हे सुरू होतं, मांस थंड राहायला हवं म्हणून. पहाटेच पोच, जुने कपडे आणि गमबूट घालून. उपाशीपोटी राकिया (फळांची कडक दारू) नको, आधी काहीतरी खा, सकाळीच ग्लास हातात देतात आणि नवखे तिथेच गारद होतात.

सगळ्यात महत्त्वाचं, मांसाचा नमुना व्हेटकडे ट्रायकिनेलाच्या (डुकराच्या मांसातल्या परजीवी जंताच्या) तपासणीला जातो, रिपोर्ट येईपर्यंत सॉसेजचं कच्चं मिश्रण चाखायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पहिल्या वर्षी सुरीच्या नादी लागू नकोस. च्वार्त्सीच्या, म्हणजे डुकराच्या चरबीच्या कुरकुरीत तुकड्यांच्या, कढईपाशी उभा राहा, खरं शिकायला तिथेच मिळतं:
- चरबीचे तुकडे एकसारखे काप, नाहीतर बारीक जळतात आणि मोठे कच्चे राहतात
- आच मध्यम ठेव आणि लाकडी उलथन्याने तळापासून ढवळत राहा, गप्पांत हात थांबला की तळ करपलाच
- रंग यायला शेवटी थोडं दूध घालतात, ते मात्र घरच्या म्हाताऱ्यांनाच घालू दे, उकळत्या चरबीत दूध पडलं की भसकन उसळतं

कुलेन (तिखट सॉसेज), धूर देणं वगैरे पुढच्या वर्षी बघू. आणि २८ नोव्हेंबरपासून ऑर्थोडॉक्स ख्रिसमसचा (तो ७ जानेवारीला असतो) उपवास लागतो, त्यामुळे घरातली आजी मांसाला हात लावत नसेल तर आग्रह करू नकोस. ख्रिसमसच्या पेचेनित्सालाही, म्हणजे डुक्कर भाजायलाही, बोलावलं तर नक्की जा, आख्खं डुक्कर निखाऱ्यांवर फिरवायला माणसं लागतातच.