जुन्या इमारतीतील स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना कोणत्या चुका टाळाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, १९८५ च्या सुमारास बांधलेल्या इमारतीतील सदनिकेचे स्वयंपाकघर नव्याने करायचे असून अशा जुन्या घरात लोकांच्या हातून नेहमी होणाऱ्या चुका कोणत्या आणि त्या कशा टाळाव्यात. मी अभियंता नाही. पुण्यात कोथरूडला १९८४ च्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. तेथील स्वयंपाकघर आम्ही सहा वर्षांत दोनदा केले आणि दुसऱ्यांदा करावे लागले ते पहिल्या वेळच्या चुकांमुळेच. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे, त्यातील बराचसा भाग पदरमोड करून शिकलेला आहे.

पहिल्या वेळी आमची सुरुवात दुकानातून झाली. ट्रॉल्यांचे नमुने, लॅमिनेटचे रंग आणि ग्रॅनाइट काळा घ्यावा की तपकिरी, यावर आमचे तीन रविवार गेले. भिंतीतून जाणाऱ्या पाइपांची चौकशी मात्र ‘जुने आहेत, पण चालतील’ एवढ्या एका वाक्यात उरकली. नव्या इमारतीत हा क्रम एक वेळ खपून जातो. पण चाळीस वर्षांच्या घरात सांडपाणी, पाणी, वीज आणि भिंती यांचा निकाल लागल्याशिवाय ओट्याची जागासुद्धा ठरवू नये, असे माझे आता ठाम मत आहे.

सर्वांत महागात पडली ती सिंकची जागा. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती आणि तिच्यावरच सिंक होते. भांडी घासताना बाहेर पाहता यावे म्हणून आम्ही सिंक खिडकीखाली घेतले, म्हणजे सांडपाणी मोरीतील मूळ जाळीपर्यंत नेण्यासाठी ट्रॉल्यांच्या मागून सुमारे सात फूट आडवा पाइप टाकावा लागला. अशा पाइपाला साधारणपणे चाळिसास एक या प्रमाणात उतार असावा, म्हणजे सात फुटांत दोन इंचांहून थोडा अधिक. आमच्याकडे जेमतेम अर्धा इंच मिळाला, कारण जाळीची पातळी ठरलेली होती आणि सिंकखालचा पाइप त्याहून वर घेतला असता तर पहिल्या ट्रॉलीची खोली कमी झाली असती. पहिले वर्ष काही जाणवले नाही. नंतर तूप, तेल, चहाचा चोथा आणि भाताची शिते पाइपाच्या तळाशी बसू लागली, आणि थंडीत तूप थिजल्यावर तर पाणी सिंकमध्येच उभे राहू लागले. पाइप साफ करण्यासाठी कायमच्या बसवलेल्या ट्रॉल्या काढाव्या लागल्या, त्या ओढाताणीत एक सांधा सैल झाला आणि महिनाभराने खालच्या मजल्यावरील काकूंनी मला त्यांच्या छतावरचा ओला डाग दाखवला. त्यांच्या छताचे काम आणि रंग हा खर्च अर्थातच आमचा होता. त्या काही बोलल्या नाहीत, याचेच अधिक अवघडल्यासारखे झाले.

म्हणून शक्य असेल तर सिंक मूळ सांडपाण्याच्या वाटेजवळच ठेवावे. ते हलवणे अटळ असेल, तर आडवा पाइप लांबवण्याऐवजी बाहेरच्या भिंतीला भोक पाडून तेथील उभ्या पाइपाला थेट जोडता येईल का, हे सोसायटीच्या लेखी परवानगीने पाहावे. मात्र जुन्या इमारतींत बहुधा सांडपाण्याचा आणि मैल्याचा असे दोन वेगळे उभे पाइप असतात. स्वयंपाकघराचे पाणी चुकूनही मैल्याच्या पाइपाला जोडले जाऊ नये, कारण मग दुर्गंधी आणि झुरळे त्याच वाटेने घरात येतात. सिंकखाली प्लायवूडचे कपाट करू नये, आणि ट्रॅपपर्यंत, म्हणजे दुर्गंधी अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या सिंकखालच्या वाकड्या पाइपापर्यंत, हात पोहोचेल एवढी जागा मोकळी सोडावी.

पाण्याच्या पाइपांची गोष्ट थोडक्यात सांगते. त्या काळातील जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांत आतून गंज साचून वाट अरुंद होते, आणि धार बारीक झाली की दोष नळाला दिला जातो. ओट्यापुरता नवा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप टाकून तो भिंतीच्या आत जुन्या लोखंडी पाइपाला जोडणे ही फार प्रचलित काटकसर आहे, आणि गळती नेमकी त्याच सांध्यावर होते. बदलायचे तर स्वयंपाकघराच्या कॉकपासून पुढचे सगळे बदलावे. गिलावा करण्यापूर्वी हातपंपाने दाब देऊन पाइप एक रात्र तसेच ठेवावेत. उघड्या भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढावेत. दोन वर्षांनी शेल्फसाठी ड्रिल करताना ते फोटो किती उपयोगी पडतात, हे मला वेगळे सांगायला नको.

आता भिंतींविषयी. हल्ली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधील भिंत पाडून सलग जागा करण्याची आवड वाढली आहे. फोडणीचा खकाणा सोफ्यापर्यंत पोहोचतो, ही माझी तक्रार आपण सोडून द्या. खरा प्रश्न असा की, त्या काळातील तीन-चार मजली इमारती पुष्कळदा भारवाहक भिंतींवर उभ्या आहेत, आणि तेथे नऊ इंची भिंत ही केवळ आडोसा नसून वरच्या स्लॅबचा आधार असते. इमारत आरसीसी सांगाड्याची असली तरी कोणती भिंत निव्वळ पडदी आहे, हे ठेकेदाराने हातोडी वाजवून सांगायचे नसते. घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरची एका भेटीची फी ग्रॅनाइटच्या तुलनेत किरकोळ असते. शिवाय महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण होणे अपेक्षित आहे, तेव्हा सोसायटीच्या कार्यालयात तो अहवाल असेल तर आधी मागून वाचावा.

त्याच अनुषंगाने छताकडेही लक्ष द्यावे. स्लॅबचा गिलावा फुगलेला असेल, त्याला तांबूस चिरा असतील किंवा काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आतील सळ्या गंजत आहेत असे समजावे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडतो. अशा छताखाली पीओपीचे नवे छत बसवणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय. वरच्या घरातून पाणी झिरपत असेल, तर आधी त्यांच्याशी बोलून ते बंद करावे, मग सळ्यांची दुरुस्ती आणि त्यानंतर रंग. जुनी फरशी उखडताना ब्रेकर मशीनऐवजी छिन्नी-हातोडीचा आग्रह धरावा. वेळ जास्त लागतो, पण चार-पाच इंचांच्या जुन्या स्लॅबला आणि शेजाऱ्यांच्या भिंतींना हादरे कमी बसतात.

विजेच्या बाबतीत आमचे नशीब बरे होते, कारण दिवे लुकलुकू लागल्यामुळे आम्ही वेळीच सावध झालो. त्या काळात स्वयंपाकघरात मिक्सर आणि फार तर फ्रिज, एवढीच उपकरणे गृहीत धरलेली असत, आणि कित्येक घरांत अ‍ॅल्युमिनिअमच्या तारा वापरलेल्या आहेत. आज २००० वॉटची इंडक्शन शेगडी एकटीच सुमारे ९ अँपिअर वीज घेते. तिच्यासोबत ओव्हन आणि मिक्सर चालू झाला की जुनी तार तापते. जुन्या अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेला नवी तांब्याची तार नुसती पिळून जोडणे तर धोक्याचेच, कारण तो सांधा कालांतराने सैल होऊन जळतो. मुख्य पेटीपासून स्वयंपाकघरासाठी स्वतंत्र तांब्याच्या तारा, मोठ्या उपकरणांना वेगळे एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारे खटके) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका), एवढे झाल्याशिवाय टाइल लावू नयेत. अर्थिंग खरोखर आहे का, हे तपासून घ्यावे. तीन छिद्रांचे सॉकेट असले म्हणजे मागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. वीजबिलावर छापलेला मंजूर भारही एकदा पाहावा आणि तो अपुरा असेल तर वाढवून घ्यावा.

गॅसचे नियम साधे आहेत आणि तरीही सर्रास मोडले जातात. पाइपने येणाऱ्या गॅसची नळी स्थानिक प्लंबरकडून हलवून घेऊ नये आणि ती भिंतीत किंवा फर्निचरमागे गाडूही नये. ते काम गॅस कंपनीच्याच माणसांचे आहे. सिलिंडर ट्रॉलीच्या कप्प्यात ठेवणार असाल, तर त्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी हवीच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. चिमणीचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, जितका लांब आणि जितकी वळणे अधिक, तितकी तिची ओढ कमी होते; मात्र डक्ट जवळून नेण्यासाठी बीमला भोक पाडू देऊ नये आणि त्याचे तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर काढू नये.

सामानाबाबत फारसे लिहीत नाही, कारण त्याची माहिती दुकानदार हौसेने देतातच. ट्रॉल्यांच्या चौकटीसाठी प्लाय वापरणार असाल तर त्यावर आयएस ७१० हा पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का पाहून घ्यावा. एमडीएफ ओलाव्याने फुगते, आणि जुन्या घरात वाळवीचा इतिहास असेल तर स्टेनलेस स्टीलच्या चौकटी बऱ्या. कडाप्पा स्वस्त आणि दणकट असला तरी तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे. लिंबू आणि कोकम सांडले की त्यावर डाग उठतात. ट्रॉल्यांची मापे देण्यापूर्वी घरातील सर्वांत मोठा कुकर, पिठाचा डबा आणि परात मोजावी. आमचा पाच लिटरचा कुकर पहिल्या वेळी झाकण काढल्याशिवाय ट्रॉलीत बसत नसे.

शेवटचा मुद्दा ओट्याच्या उंचीचा. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली, तर जमीन साधारण पाऊण ते एक इंच वर येते. ओट्याची उंची जुन्या जमिनीपासून मोजलेली असेल, तर तो तेवढाच ठेंगणा होतो. आमच्याकडे हे झाले आणि वर्षभर माझी पाठ दुखली. कोपर वाकवून उभे राहिल्यावर ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली यावा, असा ढोबळ नियम आहे. पण माझ्या सासूबाई चार फूट दहा इंच आणि मी पाच फूट पाच इंच, तेव्हा एकाच मापात दोघींचे भागेना. दुसऱ्या वेळी आम्ही ओटा ३४ इंचांचा केला आणि कणीक मळण्यासाठी व पोळ्या लाटण्यासाठी ३० इंचांवर बाहेर ओढता येणारी एक फळी बसवून घेतली. त्याआधी विटांवर जुने दार आडवे टाकून, विटा कमी-जास्त करत, दोन दिवस त्यावर प्रत्यक्ष पोळ्या लाटून पाहिल्या होत्या. गवंडी हसला, पण त्याने माप त्या दारावरूनच घेतले.