चांगलं गाणारी मुलगी संगीत विषय नको म्हणते तेव्हा

"मॅडम, मुलीचा गळा चांगला आहे. शाळेत नववी-दहावीला संगीत विषय घेता येतो. हमखास मार्क मिळवून देणारा विषय, आणि हीच नको म्हणतेय. गाण्यातलं मनच उडालं की काय हिचं?"

आठवी संपत आली, विषयांचे फॉर्म हातात पडले, की अशी काळजी घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात. याच्या अगदी उलट काळजी घेऊनही येतात. तिथे मुलाला संगीत घ्यायचं असतं आणि आईवडिलांना वाटत असतं की गाण्यापायी गणित-विज्ञान मागे पडेल. दोन्ही ठिकाणी मी आधी मुलाला एकच विचारते: परीक्षेत नक्की काय तपासतात, असं तुला वाटतं? उत्तर बहुतेक वेळा घरात कुणी ऐकलेलंच नसतं.

वरचा प्रश्न विचारणारे वडील गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी सीबीएसईच्या शाळेत. त्या बोर्डाच्या विषयांच्या यादीत हिंदुस्थानी संगीत आहे आणि तिच्या शाळेत ते शिकवायची सोयही होती. गावातल्या क्लासात ती लहानपणापासून गाणं शिकतेय. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण अशा परीक्षा दिलेल्या. घरात आजोबा पेटी वाजवतात, देवळातल्या भजनी सप्ताहाला ती त्यांच्या शेजारी बसून गाते. म्हणजे पपांचा हिशेब साधा होता: जे येतंच आहे त्याचे मार्क का सोडायचे?

तिघं एकत्र बसले तेव्हा ती काही बोललीच नाही. पपा बोलत होते, आई मान हलवत होती, आणि मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं. मी तिला गाण्याबद्दल काहीच विचारलं नाही, परीक्षेच्या दिवसाबद्दल विचारलं. कुठे होती, किती वाजता नंबर लागला, आत कोण बसलं होतं. तेव्हा ती सांगायला लागली.

प्रवेशिका पूर्णच्या वेळी ती सकाळपासून केंद्रावर थांबली होती. नंबर दुपारी लागला. राग सुरू केला, आलाप जरा कुठे रंगायला लागला, तोच परीक्षक म्हणाले, "बास. आता झपताल हातावर म्हण. दुगुनीत." म्हणजे दुप्पट लयीत. तिने म्हटला. पास झाली, श्रेणीही चांगली मिळाली. पण त्या 'बास'चा अर्थ तिने स्वतःपुरता लावून टाकला होता: ऐकण्यासारखं काही नव्हतं म्हणून थांबवलं. घरी कुणालाही तिने हे सांगितलं नव्हतं. सगळे पेढे वाटत होते, सांगणार कसं?

दुसरी गोष्ट शाळेतली. आठवीच्या चाचणीत तीनताल लिहायला आला. क्लासात ती स्वर-ताल लिहिण्याच्या पलुसकर पद्धतीने शिकलेली, शाळेच्या वहीत भातखंडे पद्धत. भातखंडे पद्धतीत समेखाली, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेखाली, × करतात आणि 'खाली'साठी, म्हणजे टाळी न देता हात उघडायच्या मात्रेसाठी (तीनतालात नववी), शून्य. पलुसकर पद्धतीत समेला १ लिहितात आणि 'खाली'साठी + अशी खूण. हिने सवयीने नवव्या मात्रेखाली + केलं. तपासणाऱ्यांना ते × वाटलं असणार, म्हणजे सम भलत्याच मात्रेवर. गुण गेले. पेपर मिळाल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गाणारीला एवढेच?" इथे तिचा आवाज पहिल्यांदा कापला.

"टीचर, मॅथ्समध्ये साठ पडले तर ते मॅथ्समध्ये पडले. गाण्यात साठ पडले तर ते मला पडले."

हे वाक्य मी तिची परवानगी घेऊन वहीच्या मागे लिहून ठेवलं आहे. गणिताचा पेपर मुलाच्या बाहेर असतो. गळा शरीरातच असतो. ज्या मुलीला गाव 'गाते ती' म्हणून ओळखतं, तिच्या गाण्याला आकडा लावला की तो आकडा तिला स्वतःच्या नावापुढे लागल्यासारखा वाटतो. ज्याला गाणं जेमतेम येतं त्याला ही भीती नसते, तो बिनधास्त विषय घेतो. म्हणून चांगली गाणारीच मागे सरते आणि आईवडील चक्रावून जातात.

शाळांत नववी-दहावीच्या वर्गात मी कधी कधी मुलांना निनावी चिठ्ठ्या लिहायला लावते. संगीत परीक्षेला विषय म्हणून असावं का, तुम्ही घ्याल का, एवढंच विचारते. काही उत्तरं ठरलेली: सोपा विषय आहे, मार्क मिळतात, ज्यांना आधीपासून येतं त्यांचाच विषय आहे, आम्ही आता कुठे सुरू करणार, गायला आवडतं, रागाची माहिती पाठ करायला नाही. गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्यांना वाटतं, आपलं वाजवणं त्यात बसतच नाही. सासष्टी-बार्देश या तालुक्यांकडची व्हायोलिन-पियानोची मुलं वेगळं लिहितात. ती लंडनच्या एबीआरएसएम या बोर्डाच्या पाश्चात्य संगीताच्या ग्रेड परीक्षा देतात, तिथे पहिलीपासून आठवीपर्यंत ग्रेड असतात आणि सहाव्या ग्रेडच्या प्रात्यक्षिकाला बसण्याआधी साधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी पार करावी लागते. त्यांना लेखी पेपर हा संगीताचाच भाग वाटतो, त्यात वावगं काही दिसत नाही. आपल्याकडे लेखी म्हणजे खऱ्या गाण्यावर लादलेलं ओझं, अशी समजूत मुलांमध्ये फार लवकर रुजते, आणि ती बरेचदा आम्हा मोठ्यांच्याच बोलण्यातून आलेली असते.

मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत आणखी एक गोष्ट असते, ती आडून आडून लिहिलेली. 'माझा आवाज आता चांगला नाही.' तेरा ते पंधरा या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, मुलग्याचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काळात तो कुठेही चिरकतो. नेमकी हीच नववी-दहावीची वर्षं. कालपर्यंत स्नेहसंमेलनात नांदी म्हणणारा मुलगा अचानक गप्प होतो आणि घरच्यांना वाटतं, मोबाईलचा परिणाम. मुलींचाही आवाज या वयात थोडा उतरतो, कधी त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते, पण त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. गुरुजींनी पट्टी बदलून दिली, जोर न लावता मधल्या सुरांत रियाज ठेवला, तर हा काळ निभतो. पण या वयात लागलेला 'माझा आवाज गेला' हा शिक्का काही जण जन्मभर वागवतात.

आणि एक मुलगा होता, ज्याने चिठ्ठीत लिहिलं, 'मला संगीत येत नाही.' नंतर गप्पांत कळलं की चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, वाड्यावर घरोघरी आरत्यांना घुमट हे मातीच्या घड्याचं वाद्य हाच वाजवतो. बाकावर त्याने मला वाजवून दाखवलं. उजव्या हाताने चामड्याच्या तोंडावर थाप, आणि डावा हात मागच्या उघड्या तोंडावर, तो कमी-जास्त झाकला की नाद कसा बदलतो, शामेळ (जोडनगारा) आणि कासाळें (झांजा) कुठे साथ धरतात, आरतीची लय वाढवायची वेळ कशी ओळखायची. बोलताना त्याचे डोळे चमकत होते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, हे त्याला ठाऊक होतं. घोरपडीचं कातडं आता चालत नाही, बकऱ्याचं लावतात, हेही त्यानेच सांगितलं. तरी 'संगीत येत नाही' असं लिहायला त्याचा हात अडखळला नाही, कारण अभ्यासक्रमात जे छापलंय तेवढंच संगीत, असं त्याने मानलं होतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या राज्यात देवळात, चर्चमध्ये, तियात्रात (कोंकणी गाण्यांच्या नाटकात), वाड्यावर इतकं वाजतं-गायलं जातं, तिथल्या मुलाला आपल्या हातातली विद्या विद्या वाटू नये, हे बदलायला हवं.

पुन्हा त्या मुलीकडे येते. पुढच्या भेटीला आजोबाही आले. त्यांचं म्हणणं ठाम होतं: "केरीच्या केसरबाई कुठला पेपर लिहायला गेल्या होत्या? कुर्डीच्या मोगूबाईंना कुणी मार्क दिले?" केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या मोठ्या गायिका. गोव्यात हा मुद्दा निघाला नाही असं होतच नाही, आणि तो निघावाही. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून पार अवकाशात गेली, तिच्यावर कुणी श्रेणी लिहिली नव्हती. पण मी आजोबांना म्हटलं, त्या दोघींचे गुरू अल्लादिया खाँसाहेब, त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं रोज बसणं ही परीक्षा नव्हती का? तिथे तर 'बास' रोजच ऐकावं लागत असणार. फरक एवढाच की 'बास' म्हणणारा माणूस उद्या पुन्हा शिकवायला समोर असायचा. परीक्षा केंद्रावरचा माणूस निघून जातो आणि मुलाच्या हाती फक्त शब्द उरतो. आजोबा जरा वेळ गप्प बसले. मग नातीला म्हणाले, "मला का नाही सांगितलंस गो?"

आता काम सोपं झालं. तिच्या क्लासच्या बाईंना मी विनंती केली की हिला परीक्षकाच्या बाजूने परीक्षा दाखवा. बाईंनी छान केलं. दोन लहान विद्यार्थिनींना गायला बसवलं, हिच्या हाती कागद दिला आणि सूर, लय, रागाची शुद्धता, ताल हातावर धरणं असे वेगवेगळे गुण लिहायला सांगितले. तिसऱ्या मिनिटाला हीच म्हणाली, "बाई, हिचं कळलं मला, आता ताल विचारूया." बाई हसल्या, तीही हसली. केंद्रावर दिवसभर मुलांची रांग असते, परीक्षकाला पारख करायला जेवढं लागतं तेवढं ऐकून तो पुढे जातो, हे मग समजावून सांगावं लागलं नाही.

तीनतालाचा कागदही बाईंनी पाहिला. उत्तर पलुसकर पद्धतीने बरोबर होतं. वरती पद्धतीचं नाव लिहिलं असतं तर वाद उरला नसता. हे मी इतर पालकांनाही सांगते: क्लासात एक लिपी आणि शाळेत दुसरी असेल तर मुलाला दोन्ही एका पानावर समोरासमोर लिहून द्या. कोमल स्वराखालची रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, सम-खालीच्या खुणा. अर्ध्या तासाचं काम आहे.

इतकं झाल्यावर पपांना वाटलं, आता फॉर्म भरायला हरकत नाही. मुलीने नाहीच म्हटलं. या वेळी मात्र मान वर करून, कारण देऊन. ती म्हणाली, शाळेत संगीताच्या तासाला आम्ही दोघी-तिघीच असू, अभ्यासक्रमातलं बरंचसं माझं क्लासात करून झालंय, आणि ज्या गोष्टीत मी बरी आहे ती टक्क्यांसाठी वापरायला मला आवडत नाही. गांधर्वच्या पुढच्या परीक्षेला, मध्यमा प्रथमला, मात्र मी बसेन, बाई म्हणतील तेव्हा. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एक सत्र दहावीमुळे गेलं तर पुढचं असतंच.

पपांना हे पटायला वेळ लागला. पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. टक्केवारीची त्यांची काळजी खोटी नव्हती. बारावीनंतरच्या प्रवेशांची धास्ती मी रोज पाहते. मी त्यांना एवढंच दाखवलं की मुलीने आधी भीतीने नाही म्हटलं होतं आणि आता विचार करून नाही म्हणतेय. पहिल्या 'नाही'वर आपण काम केलं. दुसऱ्याचा मान ठेवायला हवा. पुढे गाण्यातच शिकायचं ठरलं तर पणजीला आल्तिनोवर गोवा संगीत महाविद्यालय आहे, बारावीनंतर पदवी करता येते, आणि तिथे गाऊन दाखवावं लागतं.

हीच मुलगी 'घेते' म्हणाली असती तरी मी तितक्याच आनंदाने होकार दिला असता. शाळेतल्या विषयाचे फायदे खरे आहेत. ज्याला क्लासची फी परवडत नाही, ज्याच्या गावात शिकवणारं कुणी नाही, त्याला शाळेच्या वेळेत, फुकट, नेमाने शिकायला मिळतं. माझ्या मते या मुलांसाठी तो विषय यादीत असायलाच हवा, आणि तीन-चारच मुलं घेतात म्हणून तो बंद करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. लेखी भागाचीही धास्ती नको. सीबीएसईत लेखी पेपर ३० गुणांचा असतो, जास्त वजन प्रात्यक्षिकाला आणि वर्षभराच्या कामाला असतं.

तुमच्याकडे फॉर्मची तारीख जवळ आली असेल तर शाळेत जाऊन दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. संगीताचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, आणि दहावी होईपर्यंत राहतील का. मुलगा तबला किंवा पेटी वाजवत असेल तर गायनाऐवजी वादनाचा पर्याय शाळा देते का, कारण आवाज फुटलेल्या मुलासाठी तीच वाट सोयीची. नववीत नोंदवलेला विषय दहावीत बदलता येतो की नाही. विषय यादीत असतो आणि शिकवायला माणूस नसतो, असं घडतं. तेव्हा मुलाच्या हाती पुस्तक तेवढं येतं आणि प्रात्यक्षिकाच्या आदल्या आठवड्यात धावाधाव होते.