‘बरी आहे’ म्हणजे नेमकी कशी आहे?

प्रश्न असा आहे: “मैत्रिणीनं तिची अतिशय आवडती कादंबरी मला वाचायला दिली. वाचून झाल्यावर तिनं व्हॉट्सॲपवर विचारलं, ‘कशी वाटली?’ मी लिहिलं, ‘बरी आहे.’ तिला राग आला. मला कादंबरी मनापासून आवडली होती आणि आमच्या घरी चांगल्याला बरंच म्हणतात. मग ‘बरी’ म्हणजे चांगली की जेमतेम? आणि जाता जाता, ‘बरोबर’ हा शब्द ‘बरा’वरूनच आला का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते आधी देऊन टाकतो. नाही. ‘बरोबर’ हा फारसी ‘बराबर’चा मराठी अवतार. फारसीत ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती भिडवून उभे राहिलेले दोघे ते बराबर, म्हणजे समसमान. आपण त्यातून ‘सोबत’ आणि ‘अचूक’ असे दोन अर्थ काढले. ‘बरा’शी त्याचं नातं नाही, नुसता चेहरा सारखा.

पहिल्या प्रश्नात मात्र तुमच्या मैत्रिणीची बाजू मला पटते, आणि तरी तुम्ही चुकलात असं म्हणवत नाही. तुम्ही शब्द जुन्या भावानं दिलात, तिनं आजच्या भावानं घेतला.

जुना भाव काय होता ते तुकोबांकडे दिसतं. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ हा अभंग बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. 1630च्या सुमाराला दख्खनेत पडलेल्या भयंकर दुष्काळाची सावली त्यावर आहे. दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळानं छळलं ते बरं झालं, पुढे घरच्या कर्कशपणापर्यंत एकेक गोष्ट ‘बरी’ म्हणून मोजली आहे. इथे ‘बरें’ म्हणजे ‘ठीकठाक’ असं धरून वाचून बघा. अभंग कोसळतो. दिवाळं निघालं ते ठीकठाक झालं, असं कोण म्हणेल? संसारातून मन उडालं, चिंतन जडलं, म्हणून जे झालं ते उत्तमच झालं, असा तो पूर्ण वजनाचा ‘बरें’ आहे.

हे वजन आजच्या बोलण्यातूनही गेलेलं नाही, फक्त ठरावीक जागी दडून बसलं आहे. ‘बरी आठवण केलीस’, ‘बरा भेटलास, तुझ्याकडेच निघालो होतो’, ‘बऱ्या बोलानं पैसे दे’, ‘आपण बरं, आपलं काम बरं’. यातला एकही ‘बरा’ जेमतेम नाही. ‘हे बरं नाही केलंस’ हे वाक्य तर घ्याच. घरातल्या मोठ्या माणसानं आवाज न चढवता एवढं म्हटलं की समोरच्याची मान खाली जाते. ‘हे चांगलं नाही केलंस’ला तेवढी धार नाही. म्हणजे नकारात ‘बरा’ ‘चांगला’हून जड आहे आणि होकारात हलका! असं का व्हावं?

माझ्या मते याची मेख तुलनेत आहे. ‘चांगला’ स्वतःच्या पायावर उभा राहतो, ‘बरा’ला शेजारी कुणीतरी लागतं. ‘त्यापेक्षा घरी बसलेलं बरं’, ‘न बोललेलं बरं’, ‘त्या थेटरापेक्षा हे बरं, निदान पंखे चालतात’. या वाक्यांत ‘चांगलं’ घालून बघा, कानाला खटकतं. दुखण्याच्या बाबतीतही तेच. ‘आता बरा आहे’ म्हणजे कालच्यापेक्षा सुधारलेला. पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडलेला माणूससुद्धा ‘कसं काय?’ला ‘बरं आहे’ म्हणतो, आणि ते खोटं नसतं, कारण परवा तो कण्हत होता. शेजारी सतत काहीतरी वाईट उभं असलेला हा शब्द. त्यामुळे कुठल्याही कादंबरीला नुसतं ‘बरी’ म्हटलं की ऐकणारा नकळत विचारतो, कशापेक्षा? आणि उत्तर न मिळाल्यामुळे स्वतःच भरतो: न वाचण्यापेक्षा. दगडापेक्षा वीट मऊ.

मग नकारातली धारही समजते. ज्याला ‘बरं’सुद्धा म्हणता येत नाही, ते अगदी तळाशी गेलं. ‘पिक्चर काही चांगला नव्हता’ असं सांगणाऱ्याला आपण ‘का रे?’ विचारतो. ‘पिक्चर काही बरा नव्हता’ असं सांगणाऱ्याला विचारत नाही, दुसरी तिकिटं शोधतो.

दुसरं कारण भाषेबाहेरचं आहे. एके काळी साठ टक्के मिळवून फर्स्ट क्लास काढला की वाड्यात पेढे वाटले जायचे. आज त्याच टक्क्यांना ‘असू दे, पुढच्या वेळी बघू’ म्हणतात. साठ तेवढेच राहिले, वरची गर्दी वाढली. ‘बरा’चं तसंच झालं आहे. नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाबद्दल चार ओळी लिहायच्या तर आपण ‘अप्रतिम’नंच सुरुवात करतो. अप्रतिम म्हणजे ज्याला जोड नाही ते. जोड नसलेला सिनेमा दर शुक्रवारी कसा लागेल? पण लागतो, आणि शनिवारी अप्रतिम मिसळही मिळते. भन्नाट, कमाल, जबरदस्त, कडक, नितांतसुंदर, काळजाला हात घालणारं. या सगळ्यांनी वरच्या पायऱ्या अडवल्यावर ‘बरा’ला तळाशीच जागा उरली. त्यात ‘उगाच वाईटपणा कोण घेणार?’ म्हणून न आवडलेल्यालाही आपण ‘बरा आहे’ म्हणत आलो. ओळखीच्या माणसाचं पहिलंच पुस्तक, हौशी मंडळींचं नाटक, भाच्यानं काढलेली शॉर्टफिल्म: ‘बरं जमलंय हो.’ सभ्यपणे नाही म्हणण्याचं काम ज्या शब्दाकडे लागलं, त्याच्यावर हो म्हणताना कोण विश्वास ठेवणार?

हा भाव सगळीकडे सारखाच उतरलेला नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. कोकणीत ‘बरें’ म्हणजे आजही सरळ चांगलं. आभार मानायला ‘देव बरें करूं’ म्हणतात. देवानं तुमचं जेमतेम करावं अशी इच्छा कुणी करत नसतं. मालवणीतही तसंच. आमच्या एक काकू सावंतवाडीकडच्या. एका सुट्टीत त्यांनी गावातल्या पडद्यावर सिनेमा पाहिला. मी पुण्याहून फोन केला होता, विचारलं, “काकू, कसा होता?” त्या म्हणाल्या, “बरो होतो.” मी पुणेरी कानानं ऐकलं आणि सांत्वनाच्या सुरात म्हटलं, “जाऊ द्या, वेळ तरी गेला.” पलीकडे क्षणभर शांतता. मग, “अरे बरो होतो म्हणतंय ना? दोन वेळा बघलंय मी!” दोनदा पाहिलेल्या, दोन्ही वेळा पदर भिजवलेल्या सिनेमावर मी पाणी ओतलं होतं. तुमच्या घरी ‘चांगल्याला बरंच म्हणतात’ हे वाचल्यावर मला त्याच आठवल्या. तुमचं मूळ घर घाटाखालचं असेल तर नवल वाटणार नाही.

जाता जाता, चांगल्यासाठी आपल्याकडे जुने शब्द तीन आहेत: चांग, भला आणि बरा. पहिले दोन ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’मध्ये हातात हात घालून अजून उभे आहेत. ‘चांग’ पुढे ‘चांगला’ होऊन राज्यावर बसला. ‘भला’ माणसापुरता उरला. भला माणूस असतो, भला सिनेमा नसतो. ‘बरा’ सगळीकडे राहिला, पण पगार कापून.

आता तुमच्या उत्तराकडे. मैत्रिणीनं विचारलं होतं ‘कशी वाटली?’, तुम्ही सांगितलंत ‘बरी आहे’. प्रश्नात ‘वाटणं’ होतं, उत्तरात ‘असणं’ आलं. ‘वाटली’ म्हटलं की बोलणारा स्वतःबद्दल सांगतो, ‘आहे’ म्हटलं की पुस्तकावर निकाल देतो. तिला तुमच्या मनात काय झालं ते हवं होतं, तुम्ही शिक्का मारून फाईल परत पाठवलीत. तिच्या रागातला निम्मा वाटा मी या ‘आहे’ला देईन. (सिनेमाला आपण ‘बरा होता’ सहज म्हणतो, कारण तो पाहून आलो की संपला. कादंबरीला ‘बरी होती’ म्हटलं की वाचून वर्षं झाली असावीत किंवा पुस्तक वाचनालयात परत गेलं असावं, असं वाटतं. ती हाताशी आहे तोवर ‘आहे’च.)

उरलेला वाटा पूर्णविरामाचा. तोंडी बोलताना ‘बरा’ कधी एकटा येत नाही, सोबत सूर आणि एखादा चिटुकला शब्द घेऊन येतो. ‘बरा आहे की!’ यात वाटलं त्याहून चांगला निघाल्याचं कौतुक आहे. ‘बरा आहे हां’ ही शिफारस आहे, आवाज खाली आणून केलेली, म्हणून जास्त भरवशाची. ‘तसा बरा आहे’ म्हणजे आता ‘पण’ येणार, सावरून बसा. ‘बराय’ असं एका दमात, मोबाइलमधून मान वर न करता म्हटलेलं, म्हणजे मध्यंतरानंतर झोप लागली होती. आणि एखाद्या खाष्ट, कधी कुणाला न वाखाणणाऱ्या मास्तरांनी चष्मा पुसत ‘बरं लिहितो पोरगा’ म्हटलं, तर पोरानं ती ओळ आयुष्यभर जपून ठेवावी. हे सगळे सूर टाइप करताना गळून पडतात आणि उरतं ते ‘बरी आहे’, पुढे टिंब. टिंबासकट वाचलं तर मलाही राग आला असता.

मग काय लिहायला हवं होतं? ‘आवडली’ हा सरळ शब्द आहे आणि तो पुरेसा असतो. ‘खाली ठेववेना’ त्याहून बोलका. असे ‘-वेना’चे शब्द या कामी फार उपयोगी पडतात, फक्त क्रियापद सांभाळून निवडावं लागतं: ‘सोडवेना’ ही दाद आहे, ‘वाचवेना’ ही शिवी. ‘जमून आलीय’ हा स्वयंपाकघरातला शब्दही मला प्रिय आहे. कथा, माणसं, भाषा हे सगळं एकमेकांत मुरलंय, एवढं त्यात येतं.

पण तुम्हाला ‘बरं’च हवं असेल, आणि ते सोडू नये असंच माझं मत आहे, तर त्याचं लिंग बदला. हे गमतीनं म्हणत नाही. ‘कादंबरी बरी वाटली’ आणि ‘कादंबरी वाचून बरं वाटलं’ ही वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात ‘बरी’ कादंबरीला चिकटली आहे, तिची किंमत करते आणि ती कमीच करते. दुसऱ्यात ‘बरं’ नपुंसकलिंगी झालं, कादंबरीपासून सुटलं आणि वाचणाऱ्याच्या मनाकडे वळलं. तिथे मात्र त्याचा जुना भाव शाबूत आहे. ‘पत्र वाचून बरं वाटलं’, ‘तू आलास, बरं वाटलं’, यात कुणाला जेमतेम काही ऐकू येत नाही. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसा तो शब्द आहे. हल्ली त्या जागी ‘चांगलं वाटलं’ ऐकू येतं. ते हिंदी ‘अच्छा लगा’वर बेतलेलं आहे आणि माझ्या कानाला अजून परकं लागतं. अर्थात पुस्तक कसलं आहे तेही बघायला हवं. दुष्काळाची, कर्जाची, उजाड झालेल्या गावाची कादंबरी वाचून बरं वाटलं असं कळवलंत, तर मैत्रीण दुसऱ्यांदा रागावेल, आणि या खेपेला कारण पक्कं असेल. तशा पुस्तकाला ‘डोक्यातून जात नाही’ म्हणावं.

तेव्हा आज तिला एवढंच कळवा: ‘परवा नीट सांगितलं नाही. वाचून फार बरं वाटलं.’ आणि जिथे थांबून पुन्हा मागचं पान उलटलंत, तो प्रसंग कुठला होता तेही लिहा. त्यावर तिचं उत्तर नुसतं ‘बरं.’ असं आलं, तर तो ‘बरं’ निराळा. त्याबद्दल पुन्हा विचारा, त्याला वेगळी बैठक लागेल.