टी टी टी टी आलं म्हणजे बोर्ड मेला नाही

दर आठवड्याला तेच. "सर, नेटबूट होत नाहीये." बरं, सिरीयल कन्सोलवर (वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर बोर्डाचे संदेश दिसतात तिथे) शेवटची ओळ काय आली? यावर सगळे गप्प. नेटबूट म्हणजे बोर्डाने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नेटवर्कवरून आणून चालू होणं. साचलेले प्रश्न आज एकदम घेतो, बहुतेक बीगलबोन ब्लॅक या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाचे आहेत, एक तसल्याच रास्पबेरी पायचा.

वायफायवरून नेटबूट होईल का?

नाही. लॅनची वायर लावा.

लॅपटॉप आणि बोर्ड थेट जोडायला क्रॉस केबल लागते का? मित्र म्हणतो लागते.

मित्राचं ज्ञान जुनं आहे. साधी चालते.

नेटबूट करायचं म्हणून कार्ड काढलं, ईएमएमसी (बोर्डावरचीच मेमरी) आधीच पुसली होती. आता कन्सोलवर नुसतं सी सी सी सी छापत राहतं. दुकानदार म्हणाला बोर्ड गेला, नवीन घ्या.

अहो, बोर्ड बोलतोय तर गेला कसा? आतल्या रॉमला (चिपमधल्या पहिल्या प्रोग्रामला) ईएमएमसीवर काही सापडलं नाही, कार्डही नाही, म्हणून तो सिरीयलवरून एक्समोडेमने (फाइल पाठवायची जुनी पद्धत) फाइल मागतोय. बीगलबोनवर यूबूट (कर्नल चालू करून देणारा प्रोग्राम) आधी कार्डावरून किंवा ईएमएमसीवरून यावा लागतो, मग तो नेटवर्कवरून कर्नल आणतो. कार्ड परत घाला. तरीही सी सीच येत असेल तर कार्ड नव्याने लिहा, आणि त्यानंतरही नाहीच झालं तर मल्टिमीटर हातात धरणाऱ्या कुणाला तरी दाखवा, विकणाऱ्याला नको.

डीएचसीपीने (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) आयपी मिळतो पण पुढे टी टी टी टी येत राहतं. फायरवॉल बंद केली, फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) दिलं, महागडी गेमिंग केबल आणली. होस्टेलचं नेट आहे. आता रूममेट म्हणतोय डीएनएसमास्क (डीएचसीपी चालवणारा प्रोग्राम) टाकून आपलाच डीएचसीपी चालू करू.

थांबा, काही चालू करू नका. टी म्हणजे टाइमआउट, बोर्ड फाइल मागतोय आणि समोरून उत्तर येत नाहीये, एवढंच. पण मागतोय कुणाकडे? त्याच्या वरच तर छापलेलं असतं, 'टीएफटीपी फ्रॉम सर्व्हर' (टीएफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फाइल आणायची साधी पद्धत). तुम्ही पाठवलेल्या लॉगमध्ये तिथे १९२.१६८.१.१ आहे. तो तुमचा लॅपटॉप नाही, राऊटर आहे! डीएचसीपीचं उत्तर राऊटरने दिलं, त्यात सर्व्हर म्हणून स्वतःचाच पत्ता घातला आणि यूबूटने तो खरा मानला. आता राऊटर कुठून देणार तुमचा कर्नल? आधी यूबूटमध्ये ऑटोलोड 'नो' करा (म्हणजे डीएचसीपी लगेच फाइल मागायला जाणार नाही), मग डीएचसीपी चालवा, आणि त्याच्यानंतर सर्व्हरआयपीला लॅपटॉपचा पत्ता द्या (आधी दिलात तर डीएचसीपी तो परत पुसतो, निम्मे लोक इथेच अडकतात), मग टीएफटीपी. सेव्हएन्व्ह (सेटिंग कायमची साठवणारी आज्ञा) लगेच मारू नका, दोनतीनदा नीट बूट होऊ दे. फायरवॉल परत चालू करा, ७७७ काढा, आणि केबलवाल्याने 'स्पीड' सांगून विकलेल्या त्या केबलचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

आता रूममेटचं. एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी म्हणजे जो आधी उत्तर देईल त्याचं खरं. अख्ख्या मजल्याचे फोन आणि लॅपटॉप तुमच्याकडून पत्ता घेतील, गेटवे चुकीचा मिळेल, रात्री सबमिशनच्या वेळी सगळ्यांचं नेट जाईल आणि कारण कुणाला कळणार नाही. मी हे होताना पाहिलंय, शोधायला दोन दिवस गेले होते. फारच हौस असेल तर वेगळा स्विच घ्या आणि त्याला फक्त बोर्ड आणि लॅपटॉप जोडा. डीएनएसमास्कचा प्रॉक्सी मोड पत्ते वाटत नाही हे खरं, पण तोही होस्टेलच्या नेटवर्क ॲडमिनला विचारल्याशिवाय नको.

रास्पबेरी पाय ४ च्या कन्सोलवर काहीच दिसत नाही. व्हिडिओत दाखवलं तशी यूएसबी-सिरीयल ॲडॉप्टरची लाल (पॉवरची) वायरही लावली.

लाल आधी काढा, पायला त्याचा स्वतःचा सप्लाय आहे. ॲडॉप्टरचा जंपर ३.३ व्होल्टवर आहे का बघा, पायच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. ग्राउंड ६ नंबरला, ॲडॉप्टरचा आरएक्स ८ ला, टीएक्स १० ला, स्पीड १,१५,२००. कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल यूएआरटी १ हवं, आणि नेटबूटमध्ये ती फाइल टीएफटीपीच्या फोल्डरातून येते, कार्डावरची बदलून काय होणार! जंपरबद्दल शंका असेल तर लावायच्या आधी मोजून घ्या किंवा मोजून घेणारा शोधा.

कर्नल चालू होतो पण एनएफएसवरून (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची पद्धत) रूट फाइलसिस्टीम माउंट होत नाही, पॅनिक येतं, म्हणजे कर्नल तिथेच थांबतो.

बूटआर्ग्समध्ये (यूबूट कर्नलला देतो त्या सूचना) 'आयपी=डीएचसीपी' आहे का? असेल तर एनएफएसरूटच्या शेवटी स्वल्पविराम देऊन व्ही३ लिहा, जुना कर्नल व्हर्जन २ मागतो आणि नवे सर्व्हर ते देत नाहीत. सर्व्हरच्या एक्सपोर्टमध्ये नो रूट स्क्वॉश (बोर्डावरच्या रूट युजरला पूर्ण अधिकार देणारा पर्याय) फक्त बोर्डाच्या आयपीला, तारांकन टाकून सगळ्या जगाला नको. ऑफिसचा सर्व्हर असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारा.

'स्टार्टिंग कर्नल' येतं आणि पुढे शांत. दोन महिने झाले.

दोन महिने? बूटआर्ग्समध्ये कन्सोल टीटीवायओ० असेल तर टीटीवायएस० करून बघा, नव्या कर्नलमध्ये नाव बदललंय. कर्नल बहुतेक चालू असेल, तुम्हाला दिसत नाहीये एवढंच. तरी शांत असेल तर डीटीबी (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन असलेली फाइल) त्याच बोर्डाची आहे ना ते तपासा आणि पॉवर दिल्यापासूनचा पूर्ण लॉग पाठवा, मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको.